सातव्या दिवशीची तांबूस साल

कोल्मार,
बुधवार, १३ ऑक्टोबर १९९३

मातेर्न,

तू बरा असशील असे धरून चालते. मी बरी आहे. इथे खाली आठवडाभर धुके आहे. वर तुझ्याकडे हिंटरमाटला ऊन असणार. गाई डोंगरावरून उतरल्या असतील. कुशल इथे संपले.

आता एक प्रश्न. तू तो हजारदा ऐकला आहेस, पण त्याचे उत्तर कधी शोधले नाहीस. डोंगर चढून आलेला पाहुणा दारात बूट काढतो आणि स्वतःच्याच पायांच्या वासाने ओशाळतो. त्याच खोलीत टेबलावर आपले मुन्स्टर चीज कापून ठेवलेले असते. वास तोच असतो, अगदी तोच, आणि आता मात्र त्याच माणसाच्या तोंडाला पाणी सुटते. असे का? बाबांनी एकदा पॅरिसच्या एका बाईंना दिलेले उत्तर तुला आठवत असेल. त्या नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "अहो, तुमच्या चीजला पायांचा वास येतो." बाबा म्हणाले, "नाही हो बाई, तुमच्या पायांना चीजचा वास येतो. नशीबवान आहेत पाय."

बाबांचे उत्तर निम्मे बरोबर होते. पायाच्या बोटांमधली बेचकी आणि मुन्स्टरची साल या जिवाणूंच्या दृष्टीने जवळजवळ एकच जागा आहेत. दोन्हीकडे ओल, दोन्हीकडे मीठ, दोन्हीकडे हवा, आणि दोन्हीकडे खायला प्रथिने. अशा जागी ब्रेव्हिबॅक्टेरियम नावाचे घराणे सुखाने नांदते. ते प्रथिने फोडते, त्यांतले गंधक वायूच्या रूपाने बाहेर पडते, आणि तोच तो वास. सालीचा तांबूस रंगही बराचसा त्याचाच.

हे घराणे एकटे राहत नाही, आणि इथून पुढे मला नेहमीच आवरणे कठीण जाते. काचेच्या पट्टीवर सालीचा खरवडा पसरावा, जांभळा रंग ओतावा, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलने धुवावे. काही जिवाणूंचा रंग धुऊन जातो. ज्यांची भिंत जाड असते ते जांभळेच राहतात. आपल्या सालीवरचे बहुतेक सगळे जांभळ्यांपैकी आहेत. त्यांत आर्थ्रोबॅक्टर आहे, मूळचा मातीतला, गाईच्या खुरांबरोबर आणि वाळल्या गवताबरोबर घरात येणारा. तो दुभंगताना काडी मोडून कोनात लटकावी तसा दिसतो. मायक्रोकॉकस आहे, माणसाच्या कातडीवरचा, चार-चारच्या चौकटी करून बसणारा. कॉरिनेबॅक्टेरियम आहे, एका टोकाला जाड, मुद्गलासारखा. आणि नांगरलेल्या जमिनीला जो वास येतो तो ज्याचा, त्या स्ट्रेप्टोमायसिसचे हे सगळे दूरचे भाऊबंद. मातीतले आणि कातडीवरचे असे दोन गोतावळे चीज मुरवायच्या आपल्या तळघरात एकत्र येतात, आणि मीठ लावणाऱ्या हाताच्या मागोमाग सालीवर वस्ती करतात. बत्तीस वर्षे मी भिंगाला डोळा लावते आहे. हा देखावा मला अजून जुना वाटलेला नाही.

ही वस्ती कशी होते, हे तुला मी सांगायला नको, तरी सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. चीजची नवी चकती पांढरी आणि आंबट असते. आंबटपणात ही मंडळी जगत नाहीत. आधी यीस्ट येते, आंबटपणा खाऊन टाकते, आणि मगच यांना दार उघडते. म्हणून बाबा सर्वांत वरच्या फळीवर काही जुन्या चकत्या कायमच्या ठेवत. त्या विकायच्या नाहीत. त्यांना ते 'मास्तर' म्हणत. एक दिवसाआड खाऱ्या पाण्याचे फडके आधी मास्तरांवरून फिरायचे, मग तेच फडके, तेच पाणी, खालच्या फळ्यांवरच्या पोरांवर. म्हाताऱ्यांकडून पोरांकडे. आपल्या खोऱ्यात हे असेच करतात, आणि ज्या घरात असे करीत नाहीत त्या घराचे चीज पांढरे राहते आणि लोक हसतात.

आता मुद्दा.

ऑगस्टमध्ये तुझ्या तळघरातून आलेल्या नमुन्यांत लिस्टेरिया हा घातक जिवाणू सापडला. अहवालावर सही माझी होती. सगळे चीज नष्ट करायचे, फळ्या जाळायच्या, भिंती औषधाने धुवायच्या, असा हुकूम निघाला आणि तू तो पाळलास. रिकाम्या तळघराचे नमुने सप्टेंबरमध्ये स्वच्छ आले, तेही मीच तपासले. त्यानंतर रविवारच्या जेवणात, सगळ्या चुलत भावंडांसमोर, "या घराला मुलगी नव्हतीच" असे तू म्हणालास, ते इथे विषयाला धरून नाही, म्हणून सोडून देते.

गेल्या आठवड्यात तुझ्या ओतिलीने मला एक फोटो पाठवला. त्यात ती तळघराच्या दारात उभी आहे, हातात नवी चकती. मागे तिने लिहिले आहे: "आत्या, बघ, पहिली रास! फक्त सात दिवसांची, आणि आत्ताच जर्दाळूसारखी." पोरीचा हेतू चांगला होता, आपल्या दोघांत कोणीतरी काहीतरी करावे असे तिला वाटले असेल. मी भिंग घेऊन तो फोटो पाहिला. चकती खरोखरच तांबूस आहे. कडेपर्यंत, एकसारखी.

मातेर्न, सातव्या दिवशी?

स्प्रूस लाकडाच्या नव्या फळ्या, औषधाने धुतलेला दगड, आणि दुकानातून आणलेली जिवाणूंची पुडी, एवढ्यावर तिसऱ्या आठवड्यात कुठे जरा पिवळसर झाक येते. पुडीत एक-दोनच जाती असतात, आणि परक्या तळघरात रुळायला त्यांना वेळ लागतो. सातव्या दिवशी जर्दाळूचा रंग आणायला संपूर्ण वस्ती लागते, सगळी घराणी, आपापल्या जागी. ती पुडीतून येत नाही. ती फक्त जुन्या चकतीवरून येते. शेजारच्या कोणी तुला उसनी दिली नसेल. ऑगस्टनंतर तुझ्या अंगणात पाऊल टाकायलाही लोक तयार नव्हते, हे मला ठाऊक आहे.

म्हणजे तू मास्तर लपवून ठेवले होतेस.

लिस्टेरियाबद्दल थोडक्यात. तोही जांभळाच रंगतो. तोही आखूड काडीसारखा दिसतो, आणि घाईत असलेले तपासनीस त्याला कातडीवरचा निरुपद्रवी कॉरिनेबॅक्टेरियम समजून बाजूला ठेवतात, इतके साम्य. पण तो त्या गोतातला नाही. तो दुसऱ्याच घराण्यातला, आणि नेमक्या आपल्याच सवयी त्याला सोयीच्या आहेत: मीठ सोसतो, थंडीत वाढतो, आंबटपणा गेला की सालीवर बसतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. धडधाकट माणसाला फार तर दोन दिवस पोट बिघडते. म्हातारी माणसे, आजारी माणसे आणि पोटुशी बायका यांची गोष्ट निराळी.

२३ तारखेच्या शनिवारी तू बाजारात पहिली रास मांडणार आहेस, असे फोटोच्या मागेच लिहिले आहे. मांडू नकोस. सगळी रास नष्ट कर, मास्तरांसकट, आणि पशुवैद्यकीय कार्यालयाला स्वतः कळव. हे मी केवळ व्यावसायिक कारणाने लिहीत आहे. दुसरे कोणतेही कारण नाही.

हेडविग


हिंटरमाट, शनिवार

प्रयोगशाळाबाईंस,

सहा पानं! टपालवाल्यानं लिफाफा हातात तोलून विचारलं, "वकिलाचं काय?" म्हटलं, त्याहून वाईट, बहिणीचं. पाच पानं जंतूंच्या सोयरिकी आणि एक पान माझी खरडपट्टी. खरडपट्टीचं पान बरं होतं, निदान त्यात कोणीतरी माणूस बोलत होतं.

तर ऐक. हो, ठेवल्या. चार चकत्या. मागच्या खोलीतल्या जुन्या पावाच्या भट्टीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, वर बाबांचा कोट टाकून. तुमची माणसं पांढरे डगले घालून आली, फळ्या अंगणात जाळल्या, मी शेजारी उभा राहून बघत होतो. भट्टीचं दार त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर होतं. कोणाला उघडावंसं वाटलं नाही. शिकलेली माणसं.

तू काय केलं असतंस? आपल्या आजोबांच्या आजोबांपासून सालीवरचं ते तांबडं या घरात आहे. लढाईत घर जळलं तेव्हा आजीनं भांडीकुंडी सोडून चकत्या उचलल्या होत्या. आणि मी ते एका कागदावरच्या सहीसाठी मरू द्यायचं? कुठल्या घरानं ते मरू दिलंय? सांग ना, खोऱ्यातलं एक घर सांग.

आणि मी काही अडाणी नाही. तुझा तो अहवाल मी नीट वाचला, तुझ्यासारखंच बोट ठेवून. लिस्टेरिया कुठे सापडला? खालच्या फळीवर आणि मधल्या फळीवर. वरच्या फळीचं नावसुद्धा नाही! मी ठेवल्या त्या वरच्या फळीवरच्या. घाण खाली होती, ती जाळली. स्वच्छ होतं ते वाचवलं. याला अक्कल म्हणतात. तुझ्या सहीचाच आधार घेतला, उपकार मान.

मी स्वतः त्यातली एक अर्धी खाल्ली. सालीसकट, बटाटे आणि जिऱ्याबरोबर. सहा आठवडे झाले, जिवंत आहे. तुला वाईट वाटत असेल तर सांग.

"पोटुशी बायका" म्हणतेस? घरातच आहे एक. ओतिलीला पाचवा महिना लागलाय. तिचा नवरा लाकडं पाडायला जंगलात असतो, तेव्हा फडकं तीच फिरवते, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येक घाणा चाखतेही तीच, तिची जीभ माझ्यापेक्षा बरी आहे म्हणून. गाल बघ तिचे! तुला कळवलं नाही, कारण मीच नको म्हटलं. कळवलं असतं तर तू त्यावरही नमुना मागितला असतास.

शनिवारी बाजार आहे. मी मांडणार. थोडं चीज घेऊन जा, फुकट देतो.

मातेर्न


कोल्मार,
मंगळवार, १९ ऑक्टोबर १९९३

मातेर्न,

तुझे पत्र काल सकाळी मिळाले. मी ते उभ्याउभ्याच वाचले आणि कोट न उतरवता ओतिलीला फोन केला. आमचे बोलणे तुला जसेच्या तसे कळावे म्हणून लिहिते.

"आत्या, बाबांनी सांगितलंय, तुझा फोन आला तर म्हणायचं, ओतिली गोठ्यात आहे."

"मग कुठे आहेस?"

"गोठ्यातच. फोन इथंच तर लावलाय."

तिला हसू आवरत नव्हते. मी म्हटले, "ओतिली, मला आता हसू नाही यायचं. तू ती नवी रास चाखतेस का?"

"रोज. सालीसकट. बाबा म्हणतात, साल काढणाऱ्याला जेवायला बोलावूच नये."

"आजपासून नाही. फडकंही नाही, तळघराच्या दारातही नाही. या दिवसांत तुला ताप आला होता का? खरं सांग."

"गेल्या आठवड्यात जरा कणकण होती गं. अंग दुखत होतं. दोन दिवसांत गेली. सर्दीच असणार. तू अशी का बोलतेस? बाबांशी भांडायचं तर बाबांशी भांड ना."

मी तिच्याशी भांडले नाही. मी तिला त्याच दुपारी मुन्स्टर गावात डॉक्टरांकडे पाठवले, आणि ती पोहोचण्याआधी डॉक्टरांशी स्वतः बोलले. त्यांनी तिचे रक्त घेतले आणि निकालाची वाट न पाहता औषध सुरू केले. बाळाचे ठोके नीट आहेत. रक्ताचा निकाल यायला वेळ लागतो, कारण जिवाणू काचेच्या बशीत वाढावा लागतो, आणि आपल्याला घाई आहे हे त्याला कळत नाही. ती नवऱ्याला घेऊन माहेरून तात्पुरती सासरी गेली आहे, आणि तुला तिने सासूची तब्येत असे कारण सांगितले आहे, हे तुला एव्हाना ठाऊक असेल. खरे कारण हे आहे.

आता तुझ्या अकलेविषयी.

तू अहवाल वाचलास, बोट ठेवून वाचलास, आणि त्यातले प्रत्येक अक्षर खरे आहे. खालची फळी, मधली फळी. पण नमुने घेणारा माणूस विकाऊ चीजचे नमुने घेतो. मास्तर विकाऊ नसतात, म्हणून वरच्या फळीला त्याने हातच लावला नाही. "सापडला नाही" आणि "शोधला नाही" यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच स्वच्छ आणि घाण यांत असते. हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते, आणि ते वहीत उतरवून घेतात, आणि विसरतात.

पण तू विद्यार्थी नाहीस. तू जन्मभर ते फडके फिरवले आहेस. म्हणून तुलाच विचारते, अगदी सावकाश विचारते. फडके कुठून सुरू होते? वरून. आधी कोणावरून फिरते? मास्तरांवरून. मग? मधली फळी. मग? खालची. पाणी बदलतोस का? नाही, बदलले तर तांबडे उतरणार नाही. खालून वर कधी गेलास का? कधीच नाही, पोराचे पाणी म्हाताऱ्याला लावले तर बाबांनी कानशिलात लगावली असती. मग मातेर्न, जे मधल्या फळीवर सापडले आणि खालच्या फळीवर सापडले, ते तिथे कुठून आले?

ज्या दिशेने तांबडे उतरते, त्याच दिशेने तेही उतरते. आपल्या जांभळ्या मंडळींचे आणि त्या परक्याचे वाहन एकच, ते फडके. तू घाण जाळलीस आणि घाणीचे मूळ बाबांच्या कोटाखाली उबदार ठेवलेस. भट्टीतली ओल आणि अंधार त्याला मानवले असणार. मग नव्या फळ्यांवर, नव्या दगडावर, जिथे त्याला अडवायला दुसरा कोणी नव्हता, तिथे तू त्याला ओतिलीच्या हातून वरपासून खालपर्यंत पसरवलेस. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झालीच नसती. शहरातल्या कारखानदाराने सगळे जाळून नवी पुडी आणली असती आणि त्याला काही वाटले नसते. ही चूक करायला तांबड्यावर इतके प्रेम असावे लागते. हे कौतुक म्हणून घेऊ नकोस.

तू अर्धी चकती खाल्लीस आणि जिवंत आहेस. यावरून एवढेच सिद्ध होते की तू साठीचा आहेस, बैलासारखा आहेस, आणि पोटुशी नाहीस. लिस्टेरिया पोटुशी बाईला स्वतःला कणकणीपलीकडे काही करीत नाही, कित्येकदा तेवढेही नाही. तो तिच्यातून पुढे जातो. गर्भाची वार ओलांडतो. मी याहून पुढचे वाक्य लिहिले होते आणि ते पान फाडले. ते तुला डॉक्टर सांगतील, मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहिते. तो फोटो मी भिंगातून पाहिला होता. चकतीची कड, तिचा रंग, रंगाची एकसारखी पसरण, सगळे टिपून घेतले. चकती धरणाऱ्या मुलीचा एप्रन पुढे आलेला आहे, हे मला दिसले नाही. तुझे पत्र आल्यावर मी तो फोटो पुन्हा पाहिला, भिंगाशिवाय. लांबूनही दिसते. तू कळवले नाहीस याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही. पण माझ्या डोळ्यांनी न कळवण्याचा दोष तुझ्यावर टाकता येत नाही.

आता व्यवहार. हे पत्र तुला उद्या मिळेल. मी अजून पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवलेले नाही. शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडताच मी कळवीन, तुझ्या पत्रासह, म्हणजे शनिवारी तुझ्या टेबलावर काही मांडले जाणार नाही. यात बदल होणार नाही. विनवू नकोस, शिव्या देऊ नकोस, चुलत भावांना पाठवू नकोस. मधला गुरुवार मी तुझ्यासाठी मोकळा ठेवला आहे. तोवर तळघराला कुलूप घाल आणि एकही चकती बाहेर जाऊ देऊ नकोस.

हा गुरुवार का ठेवला, याचे व्यावसायिक कारण मला देता आले असते. स्वतःहून कळवणाऱ्याला कार्यालय वेगळ्या नजरेने पाहते, गोठा बंद करीत नाही, पुढच्या वसंतात पुन्हा सुरू करू देते. हे खरे आहे, आणि ते तुझ्या उपयोगाचेही आहे. पण ते कारण नव्हे. ऑगस्टमध्ये मी सही केली तेव्हा पेन खाली ठेवून बाहेर जिन्यात जाऊन बसले होते. सही बरोबर होती. आजही तीच करीन. तरी मातेर्न, याच तळघरावर दुसऱ्यांदाही माझेच नाव असावे, हे मला सोसवेल असे वाटत नाही. या वेळी तू कळवावेस. एवढे मागायला मला सात पाने लागली.

आणि तांबडे? ते मरणार, या वेळी खरोखर. मी तुला खोटा दिलासा देत नाही. आजीने ज्वाळांतून वाचवले ते तुझ्या-माझ्या हयातीत संपते आहे, आणि ते संपवायला मी तुला सांगते आहे. पण ते मातीतून आणि कातडीवरून आले होते, मातेर्न, आकाशातून नव्हे. कुरण आहे, गाई आहेत, तुझे हात आहेत. पहिली दोन-तीन वर्षे साल फिकट येईल, लोक हसतील. मग वस्ती जमेल. वेगळी असेल. तिचीही कोणीतरी आजी होईल.

तुझा प्रयोगशाळांवर विश्वास नाही, हे मी मान्य करते. म्हणून एक चाचणी सांगते, जिला भिंग लागत नाही, रंग लागत नाही, शिक्षण लागत नाही. कोणालाही, कुठल्याही घरात, कुठल्याही पदार्थावर करता येईल अशी. गुरुवारी दुपारी ओतिली तिचे राहिलेले कपडे न्यायला येणार आहे. तिला जेवायला बसव. नव्या राशीतली सर्वांत देखणी चकती आण, सालीसकट एक काप काढ, सुरीच्या टोकावर घे, आणि स्वतःच्या हाताने तिच्या बशीकडे ने. ती खाणार नाही, तिने मला वचन दिले आहे. चाचणी तिची नाही. काप बशीत पडेपर्यंत तुझा हात सरळ गेला, तर शुक्रवारी माणसे येतील तेव्हा त्यांना खुशाल सांग की माझी बहीण वेडी आहे. वाटेत कुठेही थांबला, तर निकाल आला असे समज, सुरी खाली ठेव, आणि फोन उचल.

ओतिलीची आत्या,
हेडविग